पीडीएफमधला फेरफार

पीडीएफ म्हणजे पक्का कागद, एकदा तयार झाला की त्याला हात लावता येत नाही, हा समज इतका रुजला आहे की तयार पावतीत सहीची चौकट घालणं किंवा चुकलेली तारीख बदलणं हेच लोकांना नियमाविरुद्ध वाटतं. या स्वरूपाचा इतिहास तसं सांगत नाही. अ‍ॅडोबीचे एक संस्थापक जॉन वॉरनॉक यांनी १९९१ मध्ये ‘कॅमेलॉट’ नावाचं टिपण लिहिलं, तेव्हा त्यांच्यापुढे बदल रोखण्याचा प्रश्न नव्हता. एका संगणकावर रचलेलं पान दुसऱ्या संगणकावर आणि दुसऱ्या प्रिंटरवर जसंच्या तसं कसं उमटेल, एवढाच तो प्रश्न होता. त्यांच्याच कंपनीची १९८४ ची पोस्टस्क्रिप्ट ही पान रेखाटणारी संगणकभाषा हाताशी होती. तिच्यातला आज्ञावलीचा भाग काढून नुसतं रेखाटन ठेवलं आणि जून १९९३ मध्ये पीडीएफ लोकांसमोर आलं. वचन होतं ते दिसण्याचं. ‘बदलणार नाही’ हे वचन आपण मागाहून त्याच्या तोंडी घातलं.

मग मजकूर बदलणं इतकं अवघड का जातं? कारण पान रेखाटताना लेखन टाकून दिलेलं असतं. बँकेचं विवरण किंवा पगाराची पावती तयार करणारी प्रणाली फाइलीत परिच्छेद ठेवत नाही. अमुक टंकातला अमुक क्रमांकाचा आकार पानावर अमुक ठिकाणी काढ, एवढंच ती नोंदवते. रचनेच्या खुणा वेगळ्या दिल्या नसतील तर ओळ कुठे संपते, शब्द कुठे तुटतो, हे वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला अंदाजानं ठरवावं लागतं. शिवाय फाइल लहान राहावी म्हणून टंकातली वापरलेली अक्षरंच सोबत दिली जातात. पानावर ‘कदम’ असेल आणि तिथे ‘काळे’ लिहायचं असेल, पण पानात दुसरीकडे कुठेही ‘ळ’ नसेल, तर फाइलीतल्या टंकातही तो नसतो. मराठीत हे दुखणं दुप्पट होतं. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, रेखाटताना आधी येते. जोडाक्षर हा एकच आकार असतो आणि त्यातून मूळ अक्षरांकडे परतीची वाट दाखवणारा तक्ता पुष्कळदा अपुरा असतो. मराठी पीडीएफमधून मजकूर उचलला की अक्षरांची मोडतोड होते, ती यामुळेच. त्या फाइलीत अडथळा म्हणून कोणी काही उभारलेलं नसतं. जे जपायला हवं होतं, ते तिथे जपलेलंच नसतं.

भर घालण्याची सोय मात्र पहिल्या आवृत्तीपासून होती, आणि तिची रीत आपल्याकडच्या जमिनीच्या दप्तराशी जुळते. हातानं लिहिलेल्या सातबारावर जुनं नाव खोडून काढत नसत. त्याला कंस करत, नवं नाव लिहीत आणि फेरफाराचा क्रमांक देत. पीडीएफमध्येही जुने बाइट जागच्या जागी ठेवून बदललेला भाग फाइलीच्या शेवटी जोडता येतो आणि त्याखाली कोणती वस्तू कुठे आहे हे सांगणारी नवी सूची येते. वाचणारं सॉफ्टवेअर शेवटाकडूनच सुरुवात करतं, म्हणून त्याला आधी नवी नोंद दिसते. पानावर टिपा चिकटवण्याचा वेगळा थरही सुरुवातीपासून होता. १९९६ च्या १.२ आवृत्तीत भरायच्या चौकटी आल्या त्या याच थरावर. खालच्या पानाला त्यांचा धक्का लागत नाही, म्हणून दुसऱ्या कोणी तयार केलेल्या फाइलीतही त्या घालता येतात. काळजी एकाच गोष्टीची घ्यावी लागते. चौकटीत भरलेलं मूल्य आणि तिचं दिसणारं रूप यांची नोंद वेगवेगळी असते. मूल्य भरलं आणि रूप काढायचं राहिलं, तर काही ठिकाणी चौकट कोरीच दिसते. याउलट २००३ मध्ये एक्सएफए नावाची दुसरी रीत आली. तिच्यात अर्जाचं पान उघडताना नव्यानं रचता येत असे. पीडीएफ वाचणाऱ्या बहुतेक इतर सॉफ्टवेअरना ती पेलली नाही आणि २०१७ च्या पीडीएफ २.० मध्ये ती बाद ठरली. टिकली ती पानाला न दुखवणारी रीत.

शेवटी भर घालता येत असेल तर डिजिटल सहीला अर्थ काय, हा आक्षेप गंभीर आहे. २०१९ मध्ये जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठाच्या संशोधकांनी सही केलेल्या फाइली बनावट मजकुरासह खऱ्या म्हणून दाखवून दिल्या. पीडीएफ वाचणाऱ्या, तपासलेल्या २२ संगणकी सॉफ्टवेअरपैकी २१ फसली. पण दोष कुठे होता ते पाहायला हवं. सही फाइलीतल्या कोणत्या बाइटांवर आहे हे तिथे लिहिलेलं असतं आणि सहीनंतर काहीही नको, फक्त चौकटी भरू द्या, की टिपाही चालतील, हे प्रमाणित करणाऱ्याला ठरवता येतं. ते नीट तपासण्यात ही सॉफ्टवेअर कमी पडली. भर घालण्याची सोयच काढून टाकली, तर एकाच करारावर दोघांनी एकामागून एक सही करणंही अशक्य होईल, कारण दुसरी सही ही पहिलीनंतरची भरच असते.

सगळा अर्जच नव्यानं तयार करावा, पीडीएफला हात कशाला लावायचा, असंही म्हणतात. मजकुराच्या बाबतीत मला ते पूर्ण मान्य आहे. चौकट वरून घालावी, सही शेवटी जोडावी, पण चुकलेलं नाव मुळातच दुरुस्त करावं. २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा पीडीएफ म्हणून मिळतो. त्यात लेखनाची चूक निघाली तर हाती आलेल्या फाइलीत काही करायचं नसतं. जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली अर्ज द्यायचा, मूळ अभिलेख दुरुस्त करून घ्यायचा आणि नवा उतारा काढायचा.