ईश्वरीसिंहाची छत्री

गोविंददेवाच्या दर्शनास जयपुरी येणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना राजघराण्याच्या गैटोर येथील छत्र्या दाखविण्याचा प्रघात आहे. मला त्यांहून मोलाची वाटते ती देवळाशेजारच्या जयनिवास बागेत एकटीच उभी असलेली सवाई ईश्वरीसिंहाची छत्री. थकलेल्या खंडणीसाठी मल्हारराव होळकर जयपुरावर चालून आले, तेव्हा १७५० च्या डिसेंबरात या राजाने विष घेतले. नागाचा दंशही करवून घेतला, असे सांगतात. पुढे अवघ्या काही दिवसांत, १० जानेवारी १७५१ रोजी, हे नवे नगर व त्यातील देवळे पाहण्यास निःशंकपणे वेशीआत शिरलेले हजारो मराठे येथेच कापले गेले. तेही एका अर्थी यात्रेकरूच! आरती आटोपल्यावर मुलांना या छत्रीकडे न्यावे. अंतर फारसे नाही.