तार तुटली तर काय?

एखाद्या गिरणीच्या किंवा मोठ्या इस्पितळाच्या बॉयलरघरात आपण गेलात, तर तेल किंवा वायू जाळणाऱ्या बर्नरशेजारी एक लोखंडी पेटी दिसेल. तिच्यात ज्या तारा येतात त्या निरनिराळ्या पहारेकऱ्यांकडून. एक बॉयलरमधल्या पाण्याची पातळी पाहतो, दुसरा वाफेचा दाब, तिसरा वायूचा दाब, चौथा पंख्याची हवा आणि पाचवा प्रत्यक्ष ज्योत. प्रत्येकाचे काम इतकेच, की धातूची दोन टोके जुळवून धरायची किंवा सोडायची. या जोडाला कारागीर ‘कॉन्टॅक्ट’ म्हणतात. आता प्रश्न असा, की धोका असेल तेव्हा हा कॉन्टॅक्ट जुळावा की सुटावा? प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण त्याचे उत्तर सापडायला पुष्कळ काळ लागला, आणि त्याची किंमत माणसांच्या जिवाने मोजावी लागली.

१८०३ साली लंडनजवळ ग्रीनिच येथे रिचर्ड ट्रेव्हिथिक याच्या पंप चालविणाऱ्या एंजिनाचा बॉयलर फुटला आणि चार माणसे गेली. सेफ्टी व्हॉल्व्ह नव्हता असे नाही. दनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने तो सतराव्या शतकातच करून दाखविला होता. पण एंजिनावर नेमलेला पोरगा ईल मासे धरायला निघून गेला होता. ज्या मजुरावर त्याने काम सोपविले, त्याने एंजिन थांबविले खरे, परंतु जखडलेला व्हॉल्व्ह मोकळा केला नाही. ट्रेव्हिथिकने यावर काढलेला उपाय मार्मिक होता. त्याने पुढे दोन दोन व्हॉल्व्ह तर बसविलेच, शिवाय बॉयलरला शिशाचे एक बूच ठोकले. पाणी फार खाली गेले की शिसे वितळते, भोकातून वाफ विस्तवावर येते आणि माणसे सावध होतात. पोरगा जागेवर असो वा नसो!

तरीही या बुचाला एक खोट होती. त्यावर पाण्यातल्या क्षारांचा थर चढला, तर ते वेळेवर वितळत नाही. आणि ते निकामी झाले आहे हे आगाऊ सांगणारे कोणी नाही. पहारेकरी मेला तरी बाहेरून सारे शांतच दिसायचे.

पुढचे पाऊल बॉयलरवाल्यांनी नव्हे, रेल्वेवाल्यांनी टाकले. १८७० च्या सुमारास अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन नावाच्या गृहस्थाने विजेवर चालणारा सिग्नल बसविला. गाडी रुळावर आली की कॉन्टॅक्ट जुळे, वीज वाही आणि सिग्नल धोका दाखवी. युक्ती चालली, पण रॉबिन्सनच्या मनात प्रश्न आला, की तार तुटली तर काय? बॅटरी संपली तर? तर गाडी समोर उभी असूनही सिग्नल म्हणणार, ‘या, रस्ता मोकळा आहे.’ १८७२ साली त्याने सगळी मांडणी उलटी केली. दोन्ही रुळांतून वीज अखंड वाहत ठेवली. ती वाहते तोवर रिले उचललेला, आणि रिले उचललेला तोवर रस्ता मोकळा. गाडीची चाके आली की वीज चाकांतूनच परत फिरते, रिले पडतो, धोका दिसतो. तार तुटली, बॅटरी बसली, फार काय रूळ मोडला, तरी बहुधा तेच. माझ्या मते एकोणिसाव्या शतकातल्या थोर शोधांत याची गणना व्हायला हवी. शाळेच्या पुस्तकांत मात्र रॉबिन्सन सापडत नाही. असो.

हीच बुद्धी ब्रेकच्या बाबतीत पाळली नाही, तेव्हा काय झाले ते १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधल्या आर्मा गावाजवळ दिसले. सहलीला निघालेली मुलांची गाडी चढावर अडली, म्हणून ती मधून सोडून पुढचे डबे आधी न्यायचे ठरले. ब्रेकची नळी सोडताच मागच्या डब्यांचे ब्रेकही सुटले. डबे उताराला लागले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ८० माणसे मेली. त्यांत पुष्कळ लेकरे होती. नळी तुटली की ब्रेक आपोआप लागलेच पाहिजेत, असा कायदा ब्रिटिश पार्लमेंटने त्याच वर्षी केला. आपल्या गाड्यांतली धोक्याची साखळी याच तत्त्वावर चालते. साखळी ओढणारा ब्रेक लावीत नाही. तो नळीला फक्त एक वाट मोकळी करून देतो.

आता पुन्हा बर्नरकडे वळू. जाळीवरचा कोळसा विझता विझताही धुमसत राहतो. वायूचे तसे नाही. ज्योत गेली आणि वायू चालूच राहिला, तर भट्टी म्हणजे भरलेली तोफच. ठिणगी पडायचा अवकाश. म्हणून पेटीतले सगळे सुरक्षेचे कॉन्टॅक्ट एकामागून एक एकाच मंडलात ओवलेले असतात. सर्व ठीक असेल तर सर्व जुळलेले. त्यांतला एक सुटला किंवा एक तार उंदराने कुरतडली, की वीज तुटते आणि वायूची झडप स्प्रिंगच्या जोराने मिटते.

पण जुळलेला कॉन्टॅक्ट खोटे बोलला तर? हवेचा स्विच चिकटून बसला असेल, तर पंखा बंद असतानाही तो ‘हवा आहे’ म्हणेल. यासाठी चांगली पेटी पंखा सुरू करण्यापूर्वीच बघते, की हा स्विच आत्ता सुटलेला आहे ना. मग पंखा लावते, तो जुळल्याचे पाहते, भट्टीतली हवा पुरती बदलून घेते, आणि मगच ठिणगी. ज्योत पाहणाऱ्या डोळ्याचीही तीच परीक्षा होते. पेटवण्यापूर्वीच त्याला ज्योत दिसू लागली, तर तो डोळाच नादुरुस्त! काही डोळ्यांपुढे तर चालू भट्टीतही ठरावीक वेळाने एक पडदी पडते. तेवढा क्षण त्याने ‘अंधार’ म्हटलेच पाहिजे.

झडपेचेही असेच आहे. मिटण्याचा हुकूम देणे वेगळे आणि ती मिटणे वेगळे. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीत दाब सोडणारी एक झडप उघडीच अडकली. समोरचा दिवा मात्र हुकूम गेला एवढेच दाखवीत होता. तो पाहून माणसे झडप मिटली असे समजली, आणि दोन तासांहून अधिक काळ पाणी निघून जात राहिले. म्हणून बर्नरच्या झडपेवर ती खरोखर बसली हे सांगणारा स्वतंत्र कॉन्टॅक्ट ठेवतात.

आपल्याकडे १८६३ साली कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसे दगावली, तेव्हा पुढल्या वर्षी बंगालने कायदा केला. १९२३ साली तो साऱ्या देशासाठी झाला आणि २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. १९२३ च्या कायद्याची नजर मुख्यतः पत्रा, सांधे आणि दाब यांवर होती. भट्टीत साठणारा वायू हा निराळा वैरी. १ फेब्रुवारी १९९९ रोजी अमेरिकेत डिअरबॉर्न येथे फोर्डच्या वीजघरात एक बॉयलर तपासणीसाठी बंद करीत असता वायू आत शिरत राहिला आणि स्फोट होऊन ६ कामगार मेले. बॉयलर चालू नव्हता, बंद होत होता, हे ध्यानात घ्या.

आणि सगळ्यात अवघड पहारा म्हणजे माणसाचा. रात्रपाळीला पाण्याचा फ्लोट अडकतो, बर्नर वारंवार ट्रिप होतो, वाफ नाही म्हणून खात्यातून आरडाओरडा होतो. वैतागलेला फिटर कॉन्टॅक्टच्या दोन टोकांत तारेचा एक तुकडा अडकवतो. झाले! आता बॉयलर कोरडा पडला तरी पेटीच्या लेखी पाणी भरपूर. सकाळी तो तुकडा काढायचा राहून जातो. ग्रीनिचचा मजूर याहून काय वेगळा होता?

यासाठी पुष्कळ बॉयलरांवर पाण्याचे पहारेकरी दोन ठेवतात. पहिला सुटला तर पाणी भरताच बर्नर आपोआप पुन्हा लागतो. खालचा दुसरा सुटला तर तसे होत नाही. कोणीतरी बॉयलरपाशी जाऊन, काचेतले पाणी डोळ्यांनी पाहून, बटण हाताने दाबावे लागते.