आवक नसलेली जावक वही

स्मरणिकेसाठी जुनी कागदपत्रं काढायची म्हणून गेल्या महिन्यात आम्ही तिघं-चौघं सोसायटीच्या ऑफिसातलं लोखंडी कपाट उघडून बसलो. वाळवी लागलेली नव्हती, हे आपलं नशीब. तळाशी सोसायटीचं पहिलं आवक-जावक रजिस्टर सापडलं. टँकरसाठी अर्ज, गळतीबद्दल स्मरणपत्र, मग त्या स्मरणपत्राचं स्मरणपत्र. पंचवीस वर्षांपूर्वीची आपली सगळी धडपड त्या निळ्या शाईत होती.

माझी नोकरीतली निम्मी वर्षं आवक-जावक विभागात गेली. लोक त्या टेबलाला हसायचे. पण संपादक मंडळानं लेख मागितला, तेव्हा मला एक दुसरीच जावक वही आठवली. पावणेतीनशे वर्षांहून जुनी, अमेरिकेतली, आणि लिहायला सुरुवात केली तेव्हा लिहिणारी मुलगी होती सोळा वर्षांची.

तिचं नाव एलायझा लुकस. जन्म १७२२, कॅरिबियन समुद्रातल्या अँटिग्वा बेटावर. वडील जॉर्ज लुकस इंग्रजी फौजेत अधिकारी. १७३८ साली हे कुटुंब दक्षिण कॅरोलायना या इंग्रजांच्या वसाहतीत राहायला आलं. चार्ल्स टाउन, म्हणजे आजचं चार्ल्सटन, तिथून जमिनीनं सतरा मैल आणि पाण्यानं सहा मैलांवर वापू नावाचा त्यांचा मळा. वर्षभरातच इंग्लंड आणि स्पेनचं युद्ध पेटलं आणि वडिलांना अँटिग्वाला परतावं लागलं. आई सतत आजारी, भाऊ शिक्षणासाठी इंग्लंडला, बहीण लहान. तीन मळ्यांचा कारभार पडला एलायझाच्या अंगावर.

त्या काळी पत्र जहाजानं जायचं. जहाज बुडालं किंवा शत्रूनं पकडलं की पत्र गेलंच. म्हणून व्यापारी माणसं पाठवलेल्या प्रत्येक पत्राची नक्कल वहीत उतरवून ठेवत. एलायझानंही तेच केलं. कधी पूर्ण पत्र, कधी 'आज बाबांना अमुक विषयावर लिहिलं' एवढीच नोंद. थोडक्यात, आपलं जावक रजिस्टर! १७३९ पासून १७६२ पर्यंतची पत्रं त्यात आहेत. ही वही आज चार्ल्सटनच्या साउथ कॅरोलायना हिस्टॉरिकल सोसायटीकडे जपलेली आहे आणि १९७२ साली ती पुस्तकरूपानंही छापली गेली.

धंदा आणि घर यांच्यात वहीत भिंत नाही. एका पानावर तांदळाचा हिशोब, पुढच्यावर मैत्रिणीला धूमकेतूची हकिकत. वडिलांनी दोन स्थळं सुचवली, तेव्हा तिनं अदबीनं पण स्पष्ट नकार कळवला. पेरू आणि चिलीची सगळी संपत्ती दिली तरी त्यातल्या एकाशी आपण लग्न करणार नाही, असं तिनं लिहिलं. अठरा वर्षांच्या आतबाहेरची मुलगी, तीही त्या काळातली! शेजारच्या गरीब लोकांना वकील परवडत नसे, म्हणून कायद्याचं पुस्तक वाचून ही त्यांची मृत्युपत्रंही लिहून द्यायची.

पण या वहीचं नाव इतिहासात राहिलं ते निळीमुळे. युद्धामुळे तांदळाचा व्यापार अडचणीत होता, दुसरं पीक हवं होतं. वडील अँटिग्वाहून बियाणं पाठवायचे, ही पेरून बघायची आणि कळवायची. आलं, कापूस, लसूणघास सगळं करून पाहिलं, आशा मात्र निळीवर. पहिलं पीक थंडीच्या कडाक्यात गेलं. नीळ करणंही सोपं नाही. पाला हौदात कुजवायचा, ते पाणी दुसऱ्या हौदात घेऊन घुसळायचं, चुन्याचं पाणी घालायचं, तळाशी बसलेला गाळ कापडात गाळून वड्या पाडायच्या आणि सावलीत वाळवायच्या. वडिलांनी मॉन्टसेराट बेटावरचा क्रॉमवेल नावाचा जाणकार पाठवला. त्याच्या मनात भीती, की इथे नीळ पिकली तर आपल्या बेटाचा धंदा बसेल. त्यानं मुद्दाम चुना जास्त घातला आणि रंग बिघडवला. म्हातारपणी मुलाला लिहिलेल्या पत्रात एलायझानं ही गोष्ट सांगितली आहे.

अखेर १७४४ चं पीक साधलं. ते तिनं मुख्यतः बियाण्यासाठी ठेवलं आणि शेजारच्या मळेवाल्यांना वाटलं. पुढचा आकडा बघा: १७४५-४६ मध्ये वसाहतीतून सुमारे ५,००० पौंड नीळ बाहेर गेली. दोनेक वर्षांत हाच आकडा १,३०,००० पौंडांच्या घरात पोचला. इंग्लंडच्या पार्लमेंटनं त्यावर बक्षीस-अनुदानही सुरू केलं. १७७५ च्या सुमारास दहा लाख पौंडांच्या वर नीळ निघत होती. मग अमेरिका स्वतंत्र झाली, अनुदान बंद पडलं, आणि इंग्रजांनी निळीसाठी मोर्चा वळवला बंगाल-बिहारकडे. चंपारण, १९१७, गांधीजी... पुढचं आपण शाळेत शिकलो आहोत.

१७४४ मध्येच तिनं चार्ल्स पिंक्नी या विधुर वकिलाशी लग्न केलं. १७४७ साली वडील फ्रेंचांच्या कैदेत वारले. पुढे मुलांच्या शिक्षणासाठी हे कुटुंब काही वर्षं इंग्लंडला राहिलं. १७५८ च्या मे महिन्यात नवरा-बायको मुलीला घेऊन परतले, दोन्ही मुलगे शाळेसाठी तिथेच ठेवले. मोठा बारा वर्षांचा, धाकटा सात. जुलैमध्ये चार्ल्स हिवतापानं गेले. एलायझा पस्तीस वर्षांची.

त्यानंतरची पानं वाचताना मला थांबावं लागलं. पितृवियोगाची बातमी मुलांना पत्रानंच कळवायची. आईला, मुलांच्या शिक्षकांना, सगळ्यांना तेच पुन्हा पुन्हा लिहायचं. आणि त्याच वहीत लंडनच्या अडत्याला पत्र: मुकादमांनी मळ्यांकडे दुर्लक्ष केलं आहे, पाऊस नाही, उत्पन्न खालावलं आहे. मोठा मुलगा परत आला १७६९ साली, म्हणजे अकरा वर्षांनी. आपल्या सोसायटीत ज्यांची मुलं परदेशात आहेत, त्यांना मी काय सांगू! आपल्याकडे निदान व्हिडिओ कॉल आहे. पुढे हाच मुलगा अमेरिकेच्या राज्यघटनेवर सही करणाऱ्यांपैकी एक झाला. १७९३ मध्ये एलायझा गेली, तेव्हा तिच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन होते.

लेख इथेच संपवला असता तर छान झालं असतं. कर्तबगार स्त्री, सुखान्त शेवट. पण आवक-जावकवाल्याची एक सवय असते, जावक दिसली की आवक शोधायची. या वहीत तिला आलेली पत्रं नाहीत. वडील काय म्हणाले, ते तिच्या उत्तरावरून ओळखायचं. आणि तिसरी माणसं तर आवकेतही नाहीत नि जावकेतही. निळीचा तो पाला कुजवणारी, दुर्गंधीत उभं राहून हौद घुसळणारी माणसं आफ्रिकन गुलाम होती. त्यांचा उल्लेख येतो तो बहुधा मालमत्ता म्हणून.

क्वॉश नावाचा एक सुतार होता. १७४३ च्या सुरुवातीला काही गुलामांनी स्पॅनिश हद्दीत पळून जाण्याचा बेत केला, त्यात क्वॉशवर आळ आला. एलायझा खटल्याला हजर होती. तो निर्दोष सुटला, असं ती लिहिते. आणि पुढे लगेच, म्होरक्याला फाशी होणार आहे. त्या म्होरक्याबद्दल आणखी एक शब्द नाही. हीच एलायझा गुलामांच्या मुलींना वाचायला शिकवत होती. पण १७४० च्या कायद्यानं गुलामांना लिहायला शिकवणं हा गुन्हा ठरवला होता. म्हणजे तिची बाजू आपल्याला तेवीस वर्षांच्या पत्रांतून कळते आणि त्यांची कळू नये, याची तजवीज कायद्यानंच केलेली. एलायझाचं कौतुक मला आजही आहे, पण ते आता पूर्वीसारखं निखळ राहिलेलं नाही.

हे डोक्यात असताना मी आपलं रजिस्टर पुन्हा उघडलं. सुरुवातीची कितीतरी वर्षं रात्रीचं गेट उघडणारे, पुराच्या वर्षी पंपाशी कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिलेले आपले वॉचमनकाका. सगळं रजिस्टर चाळलं. 'वॉचमनचा पगार', 'वॉचमनसाठी बॅटरी', 'वॉचमन बदलणेबाबत'. नाव कुठेच नाही. आणि खरं सांगतो, त्यातल्या कितीतरी नोंदी माझ्याच हस्ताक्षरात आहेत.

आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणायचो. कोणाला त्यांचं पूर्ण नाव, गाव आठवत असेल, तर कृपया ऑफिसात कळवा. रजिस्टरची मागची काही पानं अजून कोरी आहेत.