ट्रिमचे वतनदार

अठराव्या शतकातल्या आयर्लंडविषयीचा मजकूर मराठीत आणताना ‘बरो’ या शब्दापाशी मी नेहमी अडते. ‘मतदारसंघ’ लिहिले की वाचकाच्या डोळ्यांसमोर मतदारयाद्या, सभा, रांगा येतात. बहुतेक आयरिश बरोंमध्ये यातले काही नव्हते. सनद मिळालेले एखादे लहान गाव डब्लिनच्या संसदेत दोन सभासद पाठवी आणि ते कोण असावेत हे एखादे जमीनदार घराणे ठरवी. ट्रिमचा इतिहास वाचताना मला वाटू लागले, की मराठीत याला जवळचा शब्द ‘वतन’ हा आहे.

ट्रिम हे मीथ काउंटीतले बॉइन नदीकाठचे गाव. बाराव्या शतकात ह्यू द लेसीने येथे किल्ल्याची उभारणी सुरू केली. त्याचे अवशेष आजही नदीकाठी उभे आहेत. जवळच्या डँगन येथे वेलस्ली घराण्याची गढी होती. थोरला भाऊ रिचर्ड १७८० मध्ये ट्रिमचा सभासद झाला. पुढच्याच वर्षी वडील वारले, सरदारकी त्याच्याकडे आली आणि तो वरच्या सभागृहात गेला. १७८३ मध्ये दुसरा भाऊ विल्यम ट्रिममधून निवडून आला, १७९० मध्ये धाकटा आर्थर. पाटिलकी भावाकडून भावाकडे जावी, तशी ही जागा फिरली.

मत देण्याचा हक्क गावाच्या ‘फ्रीमन’ मंडळींना होता, म्हणून त्या यादीत कोणाचे नाव चढते यावर घराण्याचे बारीक लक्ष असे. विरोधी पक्षाचे पुढारी हेन्री ग्रॅटन यांना हा मान देण्याची सूचना आली, तेव्हा तिला विरोध करण्याचे काम कोवळ्या आर्थरवर सोपवले होते. देशातली बहुसंख्य प्रजा कॅथलिक. तिचा मताधिकार १७२८ मध्ये काढून घेतला गेला होता. तो १७९३ मध्ये परत मिळाला, पण संसदेत बसण्याची बंदी कायम राहिली. सवलतीच्या बाजूने त्या वर्षी सभागृहात बोलणाऱ्यांत ट्रिमचा हा तरुण सभासदही होता.

हे दोघे भाऊ मराठी वाचकाला परके नाहीत. रिचर्ड १७९८ मध्ये गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्यास आला. त्याच्याच कारकिर्दीत, १८०२ च्या अखेरीस, दुसऱ्या बाजीरावाने वसईच्या तहावर सही केली. पुढच्या वर्षी असईची लढाई आर्थरने जिंकली. आपल्या इतिहासात ते ‘इंग्रज’ म्हणून येतात. त्यांचे राजकीय शिक्षण मात्र ट्रिमसारख्या आयरिश गावाच्या जिवावर झाले होते.

इकडे तैनाती फौजेचे तह होत होते, त्याच सुमारास तिकडे डब्लिनची संसद ब्रिटिश संसदेत विलीन करण्याचा घाट घातला जात होता. तो तडीस नेणारा व्हाइसरॉय होता आपल्या ओळखीचा कॉर्नवॉलिस, बंगालच्या कायमधाऱ्याचा कर्ता. जानेवारी १७९९ मध्ये आयरिश कनिष्ठ सभागृहाने १११ विरुद्ध १०६ मतांनी हा बेत फेटाळला. मग पदव्या, नेमणुका आणि आश्वासने यांची खैरात झाली. ६ फेब्रुवारी १८०० रोजी १५८ विरुद्ध ११५ मतांनी तोच बेत पुढे सरकला. १ जानेवारी १८०१ पासून डब्लिनची संसद उरली नाही.

तोवर संसदेत ११७ बरो होते. त्यांपैकी ३३ टिकले, ८४ रद्द झाले. ट्रिम त्या ८४ मध्ये होते. रद्द झालेल्या प्रत्येक बरोमागे १५,००० पौंड भरपाई ठरली, एकूण १२,६०,००० पौंड. हक्क गावाचा गेला, भरपाई मात्र सहसा त्या गावाच्या आश्रयदात्या घराण्याला. डब्लिनजवळच्या स्वर्ड्‌सचा अपवाद सांगण्यासारखा आहे: तेथे रक्कम गावाकडे आली आणि तिच्यातून मुलांसाठी शाळा उभी राहिली.

भरपाई मालमत्तेची मिळते. ती देऊन सरकारने कायद्यानेच कबूल केले, की लोकप्रतिनिधित्व ही कोणाची तरी मिळकत होती. ‘वतन’ हा शब्द मला येथेच पटतो. आपल्याकडेही वतन विकता येई, गहाण टाकता येई, भावांत वाटून घेता येई. फरक एवढाच, की पाटलाला गावात राहून वसुलीचा जाब द्यावा लागे. ट्रिमच्या सभासदाला असा जाब कोण विचारणार होते?

आर्थर पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन आणि पंतप्रधान झाला. १८२९ मध्ये कॅथलिकांना संसदेची दारे उघडणारा कायदा त्याच्याच सरकारने केला. सोबत आयर्लंडच्या काउंट्यांमधील मताधिकाराची अट ४० शिलिंगांवरून १० पौंडांवर नेऊन हजारो गरीब मतदारांचा हक्क काढून घेतला. नोव्हेंबर १८३० मध्ये त्याने सरदारांच्या सभागृहात सांगितले, की प्रतिनिधित्वाच्या चालू पद्धतीवर देशाचा पूर्ण विश्वास आहे, तिच्यात सुधारणेची गरज नाही. दोन आठवड्यांत त्याचे सरकार पडले. १८३२ च्या कायद्याने इंग्लंडमधलेही असे ५६ बरो पुरते रद्द झाले, आणि या खेपेस मालकांना एक पौंडही मिळाला नाही.

ट्रिममध्ये वेलिंग्टनच्या स्मरणार्थ १८१७ मध्ये उभारलेला स्तंभ आहे. ज्यांना मत नव्हते, त्यांची नावे कुठल्याही स्तंभावर नाहीत. माझ्या अनुवादात मी आता ‘बरो’ हा शब्द तसाच ठेवते, पण पहिल्या उल्लेखाच्या आधी ‘वतनी’ हे विशेषण जोडते.