फुटबॉलचा संघ कोणाचा?



कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानाला बोलाविले की तो बोनस, महागाईभत्ता आणि किमान वेतन यांच्यापलीकडे जाणार नाही, असे श्रोते आधीच धरून चालतात. आज मी फुटबॉलवर बोलणार आहे. विषय ऐकून चिटणीसांनी एकदा माझ्याकडे पाहिले, पण नाही म्हटले नाही, याबद्दल त्यांचे आभार. मी कॉलेजात इतिहास शिकलेला नाही. गावच्या वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत रात्री जे वाचले, तेवढीच माझी शिदोरी. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नये.

आमचे दापोडे गाव एके काळी भातशेतीचे होते. आता ते गोदामांचे गाव झाले आहे. साऱ्या देशाचा माल भिवंडीच्या या पट्ट्यात उतरतो आणि पुन्हा चढतो. उतरविणारे आणि चढविणारे हात बंगालचे, बिहारचे, ओडिशाचे, उत्तर प्रदेशाचे आणि आपल्या मराठवाड्याचे. जेवणाच्या सुट्टीत हे लोक डबा सोडतात आणि त्याबरोबर वादही सोडतात. मोहन बागान भारी की मुंबई सिटी? हा वाद मी पुष्कळदा ऐकला आणि हळूहळू माझ्या ध्यानात आले की, तिथे एका प्रश्नाच्या नावाखाली दोन प्रश्न भांडत असतात. कोणता संघ बलवान, हा एक. कोणता संघ आपला, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर तक्त्यात पाहावे, असे सगळे म्हणतात. दुसऱ्याचे उत्तर तक्त्यात नाही, हेही सगळे जाणतात. तरी भांडताना पहिल्याचा पुरावा दुसऱ्यासाठी आणि दुसऱ्याचा आवेश पहिल्यासाठी वापरला जातो.

आधी पहिला प्रश्न घेऊ. वाटतो तितका तो सोपा नाही. २०२३-२४ च्या इंडियन सुपर लीगमध्ये प्रत्येक संघ साखळीत बावीस सामने खेळला. मोहन बागानने पंधरा जिंकले, तीन बरोबरीत सोडविले, चार गमावले. मुंबई सिटीने चौदा जिंकले, पाच बरोबरीत सोडविले, तीन गमावले. विजयाला तीन गुण आणि बरोबरीला एक, या हिशेबाने मोहन बागानचे अठ्ठेचाळीस झाले, मुंबईचे सत्तेचाळीस, आणि साखळीची ढाल कोलकात्याला गेली. आता गंमत पाहा. विजयाला तीन गुण ही पद्धत काही अनादि नाही. इंग्लंडने ती १९८१ साली घेतली आणि विश्वचषकात ती १९९४ साली आली. त्यापूर्वी विजयाला दोनच गुण मिळत. त्या जुन्या मापाने मोजले तर मोहन बागानचे तेहतीस होतात आणि मुंबईचेही तेहतीसच. खेळाडू तेच, गोल तेच, घामही तोच. माप बदलले की बळ बदलले. पुढे ४ मे २०२४ रोजी कोलकात्याच्याच मैदानावर अंतिम सामना झाला. त्यात मुंबईने मोहन बागानला ३-१ असे हरविले आणि चषक आणला. म्हणजे एकाच हंगामात एका मापाने एक बलवान ठरला आणि दुसऱ्या मापाने दुसरा. गोदामातले दोघेही वादी खरे होते.

ज्यांनी युनियनची सभासदसंख्या तपासताना सरकारी अधिकाऱ्यापुढे पावतीपुस्तके मांडली आहेत, त्यांना हे नवल वाटणार नाही. कोणाचे बळ किती हे माप ठरविणारा ठरवितो, मोजले जाणारे नाही. या गोष्टीकडे मी पुन्हा येईन.

आता दुसरा प्रश्न, आणि खरा इतिहास इथे आहे. मुंबईत रोव्हर्स चषक १८९१ साली सुरू झाला. पहिला चषक वूस्टरशायर रेजिमेंटने नेला आणि पुढे कित्येक वर्षे तो गोऱ्या पलटणींतच फिरत राहिला. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स हा संघ आला आणि त्याने तो पलटणींच्या हातून घेतला. १९४० साली कोलकात्याच्या महमेडन स्पोर्टिंगने तो नेला. १९५० ते १९५४ अशी ओळीने पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ जिंकत राहिला. त्याचे शिक्षक सय्यद अब्दुल रहीम. ज्यांच्या हाताखाली भारताने १९५१ आणि १९६२ साली आशियाई सुवर्णपदके मिळविली, ते हेच. कूपरेजवर हे पाहुणे संघ आले की मैदान भरून जाई. घरचा संघ कोणता, हे मात्र मुंबईला नेमके सांगता येत नसे.

याचे कारण मुंबईचे संघ वस्त्यांचे नव्हते. ते कंपन्यांचे होते. टाटा, कॅल्टेक्स, बर्मा शेल, रेल्वे, मफतलाल. नेव्हिल डिसूझा हे नाव इथल्या वडीलधाऱ्या मंडळींना आठवत असेल. मूळचा गोव्याचा आणि मुंबईत वाढलेला हा गडी १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध खेळला आणि त्याने तीन गोल केले. भारत ४-२ असा जिंकला आणि त्या स्पर्धेत चौथा आला. मुंबईत नेव्हिल कंपन्यांच्या संघांतून खेळला. १९५८ साली कॅल्टेक्सने रोव्हर्स चषक जिंकला आणि १९६५ साली मफतलालने. पेट्रोल विकणारी एक, कापड विणणारी दुसरी.

मालकांनी संघ का बाळगले? जाहिरात होई, वर्तमानपत्रांत नाव येई, मजूर आणि मालक यांचे एकच कुटुंब आहे असे म्हणण्याची सोय होई. हे सारे खरे. पण कामगार-कार्यकर्ता म्हणून मला न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या काळी खेळाडूला नोकरी मिळे. त्याचे नाव हजेरीपटावर चढे. गुडघा गेला, धावणे संपले, तरी मेज आणि पगार राहत. प्रॉव्हिडंट फंड राही. आजचा व्यावसायिक खेळाडू एकेका हंगामाच्या करारावर असतो. दोन पैसे जास्त मिळतात, नाही असे नाही. पण आमच्या गोदामातल्या कंत्राटी हमालाची आणि त्याची जात एकच. (हमाल-माथाडींसाठी १९६९ चा कायदा तरी झाला.)

या कंपनी-संघांचे पुढे काय झाले? पंजाबातल्या फगवाड्याचा जेसीटी हा कापडगिरणीचा संघ. राष्ट्रीय फुटबॉल लीग १९९६-९७ साली प्रथमच भरली आणि पहिल्याच वर्षी हा गिरणीचा संघ देशाचा विजेता झाला. २०११ साली कंपनीने तो मोडला. मुंबईचा महिंद्र युनायटेड १९६२ सालचा. २००५-०६ साली तो राष्ट्रीय लीगचा विजेता झाला, फेडरेशन चषकही त्याने जिंकला, ड्युरँड चषकही जिंकला. २०१० साली कंपनीने तो बंद केला. गोव्याच्या डेम्पोने पाच वेळा देशाचे अजिंक्यपद मिळविले होते. २०१६ साली तो, साळगावकर आणि स्पोर्टिंग राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. डेम्पो सात वर्षांनी परतला. या संघांत दुबळा कोणता होता? एकही नाही. एके काळी तक्त्यात ते वरच होते. हरून कोणी संपले नाही. त्यांच्यावर जीव टाकणाऱ्यांचे मत त्या निर्णयात कोणी विचारले नाही, कारण विचारण्याची जागाच नव्हती.

आता त्या उलट उदाहरण घ्या. कोलकात्याचा ईस्ट बेंगॉल क्लब १९२० सालचा. फाळणीनंतर पूर्व बंगालातून घरदार सोडून आलेल्या निर्वासितांनी त्याला आपले मानले. नदी गेली, वाडी गेली, नाव मात्र क्लबाच्या रूपाने उरले. २०२१-२२ च्या हंगामात हा संघ सुपर लीगच्या तक्त्यात अगदी तळाला, अकरावा होता. म्हणून कोणी रंग बदलला नाही. आमच्या गोदामातल्या बंगाली पोरांपैकी एकालाही मी त्या वर्षी मोहन बागानकडे वळलेला पाहिला नाही. चिडवून घेत होते, खाली मान घालून जेवत होते, पण जागचे हलले नाहीत.

याउलट मुंबई सिटीचा सर्वांत मोठा हंगाम २०२०-२१ चा. मोहन बागानचे आणि तिचे गुण चाळीस-चाळीस झाले. परस्परांतले दोन्ही सामने मुंबईने जिंकले होते आणि ढाल तिला मिळाली. १३ मार्च २०२१ च्या अंतिम सामन्यात अगदी शेवटच्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल केला आणि चषकही मिळाला. परंतु महामारीमुळे तो संपूर्ण हंगाम गोव्यात झाला, बंद मैदानांत, प्रेक्षकांवाचून. मुंबईचा विजय मुंबईत झाला नाही आणि तो पाहायला मैदानात एकही मुंबईकर प्रेक्षक नव्हता. त्या क्लबाचा मोठा हिस्सा २०१९ साली एका परदेशी समूहाने घेतला होता आणि २०२५ च्या डिसेंबरात त्याने तो सोडला. दोन्ही वेळा ही बातमी चाहत्यांनी वर्तमानपत्रात वाचली.

युनियनची गोष्ट मघाशी अर्धी राहिली होती. मुंबईच्या कापडगिरण्यांत १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्याने एकच प्रातिनिधिक संघ मानला जाई आणि मालकाशी बोलण्याचा अधिकार त्यालाच असे. तो होता राष्ट्रीय मिल मजदूर संघ. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्यामागे गेले. कागदावरच्या तक्त्यात पहिला एक आणि फाटकाबाहेर पहिला दुसरा, अशी स्थिती झाली. संपाच्या यशापयशाची चर्चा इथे नको, ती एका व्याख्यानात मावणार नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की, निष्ठा एकीकडे आणि अधिकार दुसरीकडे राहिला, की निष्ठेची सारी किंमत निष्ठावंतांनाच मोजावी लागते. फुटबॉलमध्ये गिरणी बंद पडत नाही, पोटाला चिमटा बसत नाही. म्हणून हे दुःख लहान आहे. पण जात तीच.

इंग्लंडात विंबल्डन नावाचा क्लब होता. १९८८ साली त्याने बलाढ्य लिव्हरपूलला १-० असे हरवून एफए चषक जिंकला होता. २००२ साली क्लबाला लांबच्या मिल्टन केन्स या नव्या शहरी नेण्याची परवानगी मालकांना मिळाली. चाहत्यांनी काय केले? त्यांनी स्वतःच नवा क्लब काढला, सार्वजनिक मैदानावर खेळाडूंची निवड-चाचणी घेतली आणि साखळीच्या नवव्या पायरीवरून आरंभ केला. २०११ साली, नऊ वर्षांत, तो क्लब इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये पोहोचला, आणि २०२० साली आपल्या जुन्या वस्तीत परतला. त्याची मालकी वर्गणीदार चाहत्यांच्या संस्थेकडे आहे. जर्मनीत तर बहुतेक क्लबांत सभासदांकडे निम्म्याहून अधिक मते राहिली पाहिजेत, असा नियमच आहे.

पण इतके लांब जाण्याचे कारण नाही. कोल्हापूर आपल्याच राज्यात आहे. तिथे कंपनी नाही, तालीम आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही तालीम मंडळे. शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी. कुस्तीच्या आखाड्याभोवती उभी राहिलेली ही मंडळे फुटबॉल खेळू लागली. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० पासून आहे आणि शाहू स्टेडियमवर पेठ विरुद्ध पेठ असा सामना असला म्हणजे दुकानदाराचे लक्ष गल्ल्यावर राहत नाही. २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. ही मंडळे देशाच्या तक्त्यात कुठेच नाहीत. जेसीटी गेला, महिंद्र गेला, ती मात्र आहेत, कारण त्यांना बंद करायचे तर पेठ बंद करावी लागेल.

कोणी म्हणेल, कोल्हापुरात मारामाऱ्याही होतात. होतात. दगडफेक झाली आहे, सामने थांबले आहेत. निष्ठेला दारूसारखी झिंग असते, हे भिवंडीत राहणाऱ्याला कोणी शिकवायला नको. १९७० आणि १९८४ साली या शहराने जे भोगले ते आपण जाणतो. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बेंगॉल यांच्या सामन्यात दंगल झाली आणि सोळा प्रेक्षक मेले. मुंबईची पंचरंगी क्रिकेट स्पर्धा, हिंदू, मुसलमान, पारशी असे संघ करून खेळली जाणारी, १९४६ साली बंद झाली ती योग्यच झाले, असे माझे मत आहे. तिथे धर्म हाच संघ होता. पेठेच्या संघात निदान पेठेतला कोणीही बसू शकतो. शिवाय आता कोल्हापुरातही पैसे मोजून बाहेरचे खेळाडू आणतात, अगदी आफ्रिकेतूनही. ते पैसे कोण देतो, हे विचारण्याची वेळ पेठांवर आली आहे. एकच मोठा देणगीदार झाला की तालमीची कंपनी व्हायला उशीर लागत नाही.

म्हणून एक साधी सूचना करतो. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली आपण साखर कारखाने काढले, सूतगिरण्या काढल्या, पतपेढ्या काढल्या. भिवंडीत यंत्रमागवाल्यांच्या संस्था निघाल्या. शंभर रुपयांचा भाग आणि एका माणसाला एक मत, या तत्त्वावर तालुक्याचा फुटबॉल संघ का काढू नये? सहकारात काय चालते ते मला ठाऊक आहे. पॅनेल पडतील, हिशेबावरून भांडणे होतील, अध्यक्ष खुर्ची सोडणार नाहीत. संघ दुबळाही निघेल, पहिली काही वर्षे तर नक्कीच. आमच्या गोदामात मी हे बोललो तेव्हा एका बंगाली पोराने विचारले, मतदार यादीत नाव कुठले चालेल, इथले की गावाकडचे? पोटनियम लिहायला बसू तेव्हा पहिला वाद याच कलमावर होईल.