उघड्या हौद्याची गाडी

मेक्सिकोच्या आखातावरील चक्रीवादळांचा इतिहास आजवर प्रायः वाऱ्याच्या वेगाने, लाटांच्या उंचीने आणि मृतांच्या संख्येने सांगितला गेला आहे. वादळ निघून गेल्यानंतरच्या सकाळी, तारा तुटलेल्या, पूल वाहून गेलेल्या आणि गोडे पाणी खारे झालेल्या त्या मुलखात माणसाने पिण्याचे पाणी कशातून आणले, प्रेते कशातून वाहिली आणि नव्या छपराचे सामान कशावर लादले, हा प्रश्न इतिहासकारांनी सहसा गौण मानला. मला तो गौण वाटत नाही. टेक्सासपासून फ्लोरिडापर्यंतच्या त्या सखल किनाऱ्यावर आपत्तीनंतरचा सारा व्यवहार गेल्या शतकात हळूहळू एकाच वाहनाभोवती येऊन ठेपला. पुढे दोन-तीन माणसांपुरती खोली, मागे उघडा हौदा आणि त्या हौद्याला खाली पडणारा फाळका, एवढेच ज्याचे मूळ रूप, त्या पिकअप ट्रकवर लक्षावधी कुटुंबांची मदार कशी पडली, हे पाहू लागले की त्या समाजाची परस्परसाहाय्याची रीत आणि त्याने कोणाला मागे ठेवले याचा हिशेब, दोन्ही एकत्रच हाती येतात.

ही गाडी नव्हती तेव्हाची स्थिती गॅल्व्हेस्टनच्या प्रलयाने दाखवून दिली. ८ सप्टेंबर १९०० रोजी टेक्सासच्या या भरभराटीच्या कापूसबंदरावर समुद्र चढून आला तेव्हा त्या बेटावरील सर्वांत उंच जागाही समुद्रसपाटीपासून नऊ फुटांच्या आत होती आणि पाणी पंधरा फुटांवर गेले होते. किमान सहा हजार माणसे एका रात्रीत मृत्युमुखी पडली आणि मुख्य भूमीशी जोडणारे रेल्वेचे व गाडीरस्त्याचे सर्व पूल नाहीसे झाले. त्या वर्षी साऱ्या अमेरिकेत मोटारगाड्या आठ हजारांच्या आसपास होत्या. तेव्हा एरवी कापसाच्या गासड्या वाहणारे खटारे आणि जी जनावरे वाचली ती, एवढ्यावरच शहराला भागवावे लागले. लष्करी अंमल जारी झाला, खटारे सरकारजमा झाले, आणि बंदुकीच्या धाकाने वेठीस धरलेल्या माणसांकडून सुमारे सातशे प्रेते पडावावर चढवून खोल समुद्रात सोडण्यात आली. ती लाटांबरोबर किनाऱ्यावर परतली, तेव्हा जागोजागी चिता रचण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. पुढे त्या शहराने सतरा फूट उंचीची सागरी भिंत बांधली आणि दोन हजारांहून अधिक इमारती उचलून त्यांच्याखाली वाळू भरली. हा पराक्रम जगप्रसिद्ध आहे, म्हणून त्यावर येथे अधिक लिहीत नाही. पण वाहतूक थांबली की मृतांची विटंबना होते आणि जिवंतांची उपासमार सुरू होते, हा धडा भिंतीइतकाच मोलाचा होता.

पिकअप कारखान्याने जन्माला घातली असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. १९०८ साली फोर्डची मॉडेल टी बाजारात आली आणि खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांनी अल्पावधीतच तिचा मागचा भाग काढून तेथे लाकडी पेटारा ठोकला. त्यात दुधाच्या बरण्या, मक्याची पोती, कोंबड्यांचे खुराडे, जे असेल ते घातले. लहानमोठे सुतार व लोहार असे पेटारे तयार करून विकू लागले, आणि गिऱ्हाईक काय करीत आहे हे कित्येक वर्षे पाहिल्यानंतर १९२५ साली फोर्ड कंपनीने कारखान्यातच हौदा बसवलेली गाडी २८१ डॉलरांना विक्रीस ठेवली. वीस अश्वशक्तीचे यंत्र, साडेचार फुटांहून किंचित अधिक लांबीचा पोलादी हौदा, आणि कच्च्या रस्त्यावरील चाकोऱ्या सोसण्यासाठी जमिनीपासून बरीच उंच ठेवलेली बैठक, ही तिची सामग्री. यांपैकी एकही गुण वादळाकरिता योजलेला नव्हता. तथापि चिखल, खड्डे आणि तुंबलेले पाणी यांतून शेतमाल बाहेर काढण्यासाठी जी रचना लागते तीच उद्ध्वस्त गावात शिरण्यासाठीही लागते, हे पुढच्या तीनच वर्षांत दिसून आले.

१६ सप्टेंबर १९२८ रोजी फ्लोरिडातील वेस्ट पाम बीचजवळ किनारा ओलांडून आलेल्या वादळाने ओकीचोबी सरोवराचे पाणी दक्षिणेकडे लोटले. सरोवराच्या काठी बंधारा होता तो मातीचा, पाच-सहा फुटांचा, पिके राखण्यापुरता. तो फुटला आणि काळ्या, भुसभुशीत जमिनीवर वसलेली शेतमजुरांची वसाहत पाण्याखाली गेली. किमान अडीच हजार माणसे मेली आणि त्यांतील बहुसंख्य कृष्णवर्णीय मजूर होते. प्रेते शोधून काढण्याच्या कामी कृष्णवर्णीय पुरुषांनाच सक्तीने लावण्यात आले, आणि त्यांनी गोळा केलेली प्रेते ट्रकांच्या हौद्यांत एकावर एक रचून किनाऱ्यावरील शहराकडे रवाना होऊ लागली. तेथे पोहोचल्यावर त्यांची वर्णानुसार विभागणी होई. पेट्या अपुऱ्या होत्या, त्या गौरवर्णीयांसाठी राखून ठेवल्या गेल्या. कृष्णवर्णीयांपैकी ६७४ जणांना टॅमरिंड अॅव्हेन्यूवरील एका मोकळ्या जागेत सामुदायिक खड्ड्यात पुरले गेले, आणि ती जागा कित्येक दशके कोणत्याही खुणेवाचून पडून राहिली. झोरा नील हर्स्टन या लेखिकेने १९३७ सालच्या आपल्या कादंबरीत या प्रसंगाला स्थान दिले नसते, तर दप्तरातील कोरड्या नोंदींपलीकडे त्या मजुरांचे फारसे काही उरले नसते. ज्या हौद्यातून रसद आली त्याच हौद्यातून ही माणसे गेली, हे या वाहनाच्या गुणगानात सहसा येत नाही. ते येणे अवश्य आहे, कारण गाडी कोणाची, ती कोणासाठी धावली आणि तिच्यात भार कोणी चढवला, हे प्रश्न तेव्हापासून तिला चिकटलेले आहेत.

रेल्वेवरील विश्वासाचा शेवटही याच फ्लोरिडात झाला. राज्याच्या दक्षिण टोकापासून की वेस्टपर्यंतच्या बेटमालिकेवर हेन्री फ्लॅग्लरने अफाट द्रव्य ओतून समुद्रावरून लोहमार्ग नेला होता, आणि १९३५ साली त्या बेटांवर मोटाररस्त्याच्या पुलांचे काम करण्यासाठी पहिल्या महायुद्धातील शेकडो बेकार माजी सैनिक तंबू-झोपड्यांत राहत होते. २ सप्टेंबरला, कामगारदिनाच्या सुट्टीत, ८९२ मिलिबारांपर्यंत वायुदाब उतरलेले एक वादळ त्यांच्यावर चालून आले. त्यांना काढून आणण्यासाठी मायामीहून आगगाडी सोडण्यात आली. परंतु हुकूम निघायलाच उशीर झाला, वाटेतही खोळंबा झाला, आणि रात्री आठच्या पुढे ती आयलामोराडा येथे पोहोचते तोच समुद्राने सारे डबे रुळांवरून उचलून बाजूला फेकले. इंजिन तेवढे उभे राहिले. चारशेहून अधिक माणसे मेली, त्यांत निम्म्याहून अधिक ते सैनिक. कादंबरीकार हेमिंग्वेने त्यानंतर लिहिलेल्या संतप्त लेखात या मृत्यूंची जबाबदारी कोणावर, हे सरकारला उघडपणे विचारले. दिवाळे निघालेल्या रेल्वे कंपनीने मार्ग पुन्हा बांधला नाही. तिचे पूल राज्याने विकत घेतले, त्यांवर रस्ता घातला, आणि १९३८ साली त्या बेटांवरून मोटारी धावू लागल्या. एकाच गाडीची, एकाच हुकुमाची, एकाच वेळापत्रकाची वाट पाहणे किती घातक ठरते, हे त्या रात्री जितके स्पष्ट झाले तितके क्वचितच दुसऱ्या कोणत्या प्रसंगाने झाले असेल. रस्ता झाल्यावर मात्र प्रत्येक कुटुंबाची सुटका ज्याच्या त्याच्या वाहनावर सोपवली गेली, आणि या बदलाची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली.

दुसऱ्या महायुद्धानंतर पिकअपचा खरा प्रसार झाला. १९४८ साली फोर्डची एफ-मालिका निघाली. युद्धात जीप हाकून परतलेल्या तरुणांना तिची ओळख नव्याने करून द्यावी लागली नाही. पुढे घरबांधणीत चार फूट रुंद व आठ फूट लांब प्लायवूडचा तक्ता हेच परिमाण रूढ झाले, आणि मोठ्या पिकअपच्या हौद्याची रुंदी तो तक्ता चाकांवरील उंचवट्यांमध्ये सपाट मावेल अशी ठेवण्याची प्रथा पडली. हा तपशील क्षुल्लक भासेल. पण वादळापूर्वी खिडक्यांवर ठोकायचे तक्ते आणि वादळानंतर छपरावर घालायचे तक्ते दुकानातून घरी नेण्याची ज्याची स्वतःची सोय आहे आणि ज्याची नाही, यांच्यातील अंतर याच चार फुटांनी मोजले जाते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्यावरील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्यानंतर पत्रे आणि कौले घेऊन येणाऱ्या पिकअपची व टेम्पोची वाट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

लुइझियानाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील कॅमरून हे गाव ज्याच्या त्याच्या वाहनाने निघून जाण्याच्या या बदलाचे उत्तम साक्षीदार आहे. जून १९५७ मध्ये ऑड्री वादळ येत असल्याच्या वार्तेवरून सकाळी निघता येईल अशा समजुतीने अनेक कुटुंबे रात्री निजली, आणि उजाडण्यापूर्वीच पाणी दारात आले. चारशेहून अधिक माणसे त्या भागात दगावली, तर कित्येकांनी तेथील भक्कम न्यायालयाच्या इमारतीत आसरा घेऊन प्राण वाचवले. त्या पिढीने वेळेवर निघून जाण्याचा निश्चय आपल्या मुलाबाळांत असा रुजवला की वादळाची चाहूल लागताच हौद्यात गाद्या, कागदपत्रांची पेटी, कुत्री आणि मागच्या ट्रेलरात गुरे, अशी निघण्याची तेथे रीतच पडली. ऑगस्ट २०२० मध्ये लॉरा वादळ त्याच गावावर आले, पाणी पुन्हा चढले. पण तोवर गाव बहुतांशी रिकामे झाले होते.

१९९२ च्या अॅन्ड्र्यू वादळाविषयी थोडक्यातच सांगता येईल. दक्षिण फ्लोरिडात साठ हजारांहून अधिक घरे नष्ट झाली, सरकारी मदत येण्यास दिवसामागून दिवस गेले, आणि त्या पोकळीत शेजारच्या परगण्यांतून बर्फ, पाणी, यांत्रिक करवती व ताडपत्र्या लादलेले पिकअप शिरले. त्यांतले कित्येक फुकट वाटायला आले होते, काही जण मात्र बर्फ अव्वाच्या सव्वा भावाने विकायला. संकटकाळातील नफेखोरीविरुद्ध फ्लोरिडाने त्याच वर्षी कायदा केला.

न्यू ऑर्लिन्समध्ये २९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना वादळात जे घडले त्यात या व्यवस्थेची थोरवी आणि तिचे पाप, दोन्ही एकत्र दिसली. शहर सोडण्याचा हुकूम निघाला, परंतु सुमारे चतुर्थांश घरांत मोटारच नव्हती. हुकूम पाळण्याचे साधन ज्यांच्याजवळ नव्हते ती माणसे घरांच्या पोटमाळ्यांवर आणि क्रीडागृहाच्या छताखाली अडकली. बंधारे फुटून शहराचा ऐंशी टक्के भाग बुडाल्यावर दोनशेहून अधिक किलोमीटरांवरील लाफायेतच्या परिसरातून मासेमारी व शिकार करणारी साधी माणसे आपापल्या पिकअपमागे सपाट तळाच्या होड्या जोडून शेकड्यांनी निघाली. पुढे ‘केजन नेव्ही’ या नावाने ती ओळखली गेली. पाण्यात होडी हवी हे खरे, पण ती पाण्यापर्यंत नेणारी गाडी आधी हवी, आणि ती गाडी त्या प्रदेशात दर दोन-तीन घरांमागे एखादी उभीच होती. याच दिवसांत सरकारने खरेदी केलेला बर्फ घेऊन निघालेले प्रचंड ट्रक देशभर भटकत राहिले, आणि त्यांपैकी काही तर पार ईशान्येकडील मेन राज्यात जाऊन थांबले. सरकारचा बंदोबस्त मोठा होता, पण वाटप कोणत्या गल्लीत हवे याची वार्ता त्याच्याजवळ नव्हती. लहान गाडीच्या मालकाला ती शेजाऱ्याकडून कळलेली असे.

तथापि या वाहनावरील श्रद्धा अंध होऊ नये. दोन फूट खोलीचे वाहते पाणी बहुतेक पिकअप वाहून नेऊ शकते, असे अमेरिकेचे हवामान खाते सांगत आले आहे, आणि उंच बैठकीच्या भरवशावर बुडालेल्या रस्त्यात गाडी घालणारे चालक दरवर्षी प्राण गमावतात. कतरिनानंतर तीनच आठवड्यांनी रीटा वादळाच्या भीतीने ह्यूस्टनच्या परिसरातून वीस लाखांहून अधिक लोक एकदम बाहेर पडले तेव्हा महामार्ग तुंबले, तेल संपले, आणि त्या पलायनातच शंभराच्या आसपास माणसे मेली. गाडी प्रत्येकाजवळ असणे हाही एक प्रकारचा पूरच आहे. शिवाय गाडीचे रूपही पालटले. एकेकाळी आठ फुटांचा हौदा सर्वत्र आढळे. आता पुढची खोली पाच माणसांची झाली, हौदा साडेपाच फुटांवर आला, आणि नव्या मोठ्या पिकअपची किंमत चाळीस हजार डॉलरांच्या पुढे गेली. तिच्यातच ७.२ किलोवॅट वीज देणारी सोय काही वर्षांपूर्वी आली. लॉरानंतर लुइझियानात घराशेजारी चालवलेल्या जनरेटरांच्या विषारी धुराने कितीतरी माणसे मेली हे ध्यानात घेता ही सुधारणा मोलाची वाटेल. पण इंजिन बंद जागेत चालू ठेवले तर तिचाही धूर तितकाच घातक.

न्यू ऑर्लिन्सने कतरिनापासून एक शहाणपणा घेतला. वाहन नसलेल्यांना शहराबाहेर नेण्यासाठी ठिकठिकाणी जमण्याच्या जागा नेमून तेथून बसगाड्यांची व्यवस्था केली, आणि २००८ च्या गुस्ताव वादळात हजारो लोक त्या मार्गाने सुखरूप बाहेर पडले. आज अशा सतरा जागा असून त्यांवर हात उंचावलेल्या माणसाच्या आकृती पोलादात उभ्या केल्या आहेत. मात्र बस माणसाला नेते आणि आणते, याहून अधिक काही करू शकत नाही. तिच्यातून परतलेल्या वृद्ध स्त्रीला भिजून फुगलेले जिप्समचे तक्ते भिंतीवरून उतरवून बाहेर काढायचे असतात, कुजलेल्या मांसासकट टेपने बंद केलेला फ्रिज रस्त्याच्या कडेला ओढायचा असतो, ताडपत्री आणि तक्ते वीस मैलांवरून आणायचे असतात. आणि या कामांसाठी तिला आजही शेजाऱ्याच्या किंवा चर्चच्या मंडळींतील कोणाच्या तरी पिकअपसाठी शब्द टाकावा लागतो. माझ्या मते प्रत्येक परगण्याने वादळाच्या मोसमापूर्वी अशा वाहन नसलेल्या घरांची यादी आणि वापरता येण्याजोग्या हौद्यांची यादी शेजारी शेजारी ठेवावी, गाडीमालकांना तेल व भाडे सरकारी तिजोरीतून द्यावे, आणि ही तजवीज वादळ आखातात शिरण्यापूर्वीच पुरी झालेली असावी.