पेटीला बंदी झाली, माउथ ऑर्गन वाजत राहिला

१ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने पेटीला स्टुडिओचे दार बंद केले. पेटीचे स्वर एकमेकांपासून तुटलेले, त्यांतून मींड निघत नाही, श्रुती सांभाळल्या जात नाहीत, असे आक्षेप होते. ही बंदी १९७१ मध्ये शिथिल झाली. मात्र मधल्या काळात पेटीचे धाकटे भावंड मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत राजरोस वाजत होते.

माउथ ऑर्गन पेटीच्याच कुळातला. दोहोंत हवेच्या झोताने धातूची पातळ पत्ती थरथरते. पॅरिसच्या देबँने हार्मोनियमचे पेटंट १८४२ मध्ये घेतले; जर्मनीतील ट्रोसिंगेन येथे होनरने माउथ ऑर्गन घडवायला १८५७ मध्ये सुरुवात केली. फरक भात्याचा आहे. पेटीचा भाता हाताने हलतो. माउथ ऑर्गनचा भाता म्हणजे वादकाची छाती, आणि श्वासाच्या वाटेवर बसलेली असते जीभ!

डोंगरी-उत्तनच्या ईस्ट इंडियन लग्नांत बँड वाजवणाऱ्या कॉर्नेटवादकाला जिभेचे काम ठाऊक असते. 'तु' म्हणताना जिभेचे टोक दातांमागे टेकते, श्वास क्षणभर तुटतो आणि स्वर ठसठशीत उमटतो. जलद लयीत 'तु-कु, तु-कु'. पण कॉर्नेट फक्त फुंकायचा असतो. दहा छिद्रांच्या साध्या माउथ ऑर्गनमध्ये वीस पत्त्या असतात. अर्धे स्वर फुंकून, अर्धे श्वास आत ओढून निघतात. त्यामुळे तोच 'तु' श्वास आत घेतानाही उच्चारावा लागतो. खरी कसोटी इथेच! याच जिभेने काही छिद्रे झाकून ओठांच्या कोपऱ्यातून सूर काढतात, आणि ती अधूनमधून उचलून ठेक्याची साथही देतात. जिभेचा मागचा भाग हलवून मुखाची पोकळी बदलली, की काही स्वर खाली वाकतात. पेटीवर नेमके हेच होत नव्हते.

'सोलवाँ साल' (१९५८) मधील रेल्वेच्या डब्यातल्या गाण्यात वाजणारा माउथ ऑर्गन राहुल देव बर्मन यांचा. तेव्हा त्यांनी विशीही गाठली नव्हती. 'दोस्ती' (१९६४) मध्ये तर नायकच माउथ ऑर्गन वाजवतो. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे, वादन पुन्हा बर्मन यांचेच. आणि तोवर ते स्वतः 'छोटे नवाब' (१९६१) चे संगीतकार होऊन गेले होते.